बायकोने काढून घेतलेले खेळ

दुबईत नोकरीला होतो म्हटलं की लोक बांधकाम, बँक नाहीतर तेल धरून चालतात. मी गेम विकायचो. टीव्हीला जोडून किंवा कॉम्प्युटरवर खेळतात ते. सुरुवातीला डब्यांतून विकले, आणि शेवटची काही वर्षं अशा पद्धतीने की गिऱ्हाइकाच्या घरात त्यातलं काहीच जात नसे. स्वतः मात्र मी एकही गेम शेवटपर्यंत खेळलेलो नाही. माझी मुलगी सई लहानपणी मला हरवायची. पुढे तिने माझ्याशी खेळणंच सोडलं, कारण त्यात तिला मजा येईना.

माझ्या कामाबद्दल लिहायचं तर बायकोबद्दल लिहावं लागतं, आणि ते मला फारसं आवडत नाही. मुग्धा याच धंद्यात होती आणि माझ्यापेक्षा वरच्या जागेवर होती. हा लेख मी तिला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. दोन्ही बरोबर होत्या.

आम्ही गेलो तेव्हा चित्र उलटं होतं. मी गेमची आयात करणाऱ्या एका कंपनीत सेल्स मॅनेजर होतो. मस्कतपासून कुवेतपर्यंतची दुकानं माझ्याकडे होती. मुग्धा पुण्याला कोर्टात वकिली करायची. ती सोडून ती माझ्याबरोबर आली आणि दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये सईला सांभाळत राहिली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला लोक मला विचारायचे, नवीन काय येतंय? मी ऐटीत सांगायचो. मुग्धा शेजारी उभी राहून हसायची.

मग २००८ची मंदी आली. उभ्या क्रेन तशाच थांबल्या. आमच्या इमारतीतले शेजारी एकेक करून सामान विकून जायला लागले. काही जण तर गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्येच टाकून निघून गेले. आमच्या कंपनीने गेमचं खातं बंद केलं आणि मला पत्र दिलं. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि दुसरी नोकरी शोधायला साधारण महिनाभर मिळतो. मी दिसेल त्याला सीव्ही पाठवत होतो. एका संध्याकाळी मुग्धा म्हणाली, "एका पब्लिशरचं इथे छोटं ऑफिस उघडतंय. त्यांना करार वाचणारं कोणीतरी हवंय. मी जाऊन येऊ?"

"आत्ता कोण घेणार तुला?" मी म्हणालो. "एवढा गॅप आहे."

त्यांनी घेतलं. मंदीत महागडे वकील काढून स्वस्तातला वकील घ्यायचा होता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. पब्लिशर म्हणजे गेम बनवून घेणारी आणि जगभर विकणारी मूळ कंपनी, जिचा माल मी इतकी वर्षं दुकानादुकानांत फिरवत होतो. म्हणजे मी ज्या दाराबाहेर उभा राहायचो त्या दाराच्या आत ती जाऊन बसली.

मलाही अखेर नोकरी मिळाली, शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे करमुक्त व्यापारपेठेत, एका ट्रेडिंग फर्मच्या गोदामात. खेळणी, चार्जर, आणि युरोपात न खपलेले गेम. करामातलं घर सोडून आम्ही दुबईच्या टोकाला, इंटरनॅशनल सिटीत लहान जागा घेतली. मी मुग्धाला आधी बसला आणि पुढे मेट्रोला सोडायचो. मग शारजाचा रस्ता धरायचो. सकाळी अख्खं शारजा गाड्या भरभरून दुबईकडे येत असे आणि मी रिकाम्या बाजूने उलटा जात असे. समोरच्या रांगा बघून लोकांना माझा हेवा वाटत असेल. मला त्या रांगांचा वाटायचा.

ती भराभर वर चढली. "आमच्या लंडन ऑफिसला विचारून सांगते" असं फोनवर सहज बोलायला लागली. बाजारात न आलेले गेम सईसाठी घरी आणायला लागली. मी खोकीच्या खोकी आणू शकलो असतो, पण ती सगळी जुन्या मालाची. सई शाळेत सांगायची, "माय मॉम मेक्स गेम्स." तिची मॉम गेम बनवत नव्हती. कुणी कुठे गेम लावायचा आणि कुणी नाही, हे ती ठरवायची. हे मी सईला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "दॅट्स इव्हन कूलर, बाबा." मंडळात आता लोक मुग्धाला विचारायचे, नवीन काय येतंय? मग वळून मला, "आणि तुमचं कसं काय?"

अशी काही वर्षं गेली. मग क्लाउड गेमिंग आलं आणि मला वाटलं, आता आपला नंबर लागला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगला गेम चालायला महागडं मशीन लागतं. क्लाउडमध्ये ते मशीन तुमच्या घरात नसतं, कंपनीच्या एका मोठ्या थंडगार इमारतीत असतं. गेम तिथे चालतो, तुमच्या टीव्हीवर फक्त चित्र येतं, आणि तुम्ही दाबलेलं बटण इंटरनेटवरून तिकडे पोचतं. दुबईत अशी एक सेवा सुरू होत होती. त्यांना पब्लिशरांशी बोलून गेम आणणारा माणूस हवा होता. तिथला प्रमुख समीर, जॉर्डनचा, दिलखुलास माणूस. त्याने मला घेतलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या कार्डावर मुग्धाच्या तोडीचा हुद्दा छापला गेला.

आम्ही दोघांनीही आपापल्या ऑफिसला कळवलं की नवरा-बायको समोरासमोरच्या कंपन्यांत आहोत. घरी नियम केला, ऑफिसचं बोलणं उंबऱ्याबाहेर.

सेवा वर्षभर चाचणी म्हणून फुकट चालली. ज्यांनी गेम आधीच विकत घेतला होता ते तो आमच्या मशीनवर खेळायचे. पब्लिशर काही बोलत नव्हते. मुग्धाच्या कंपनीचे गेम सगळ्यात जास्त खेळले जात. लेखी परवाना कुणाशीच पुरता झालेला नव्हता. मी समीरला म्हणायचो, करून घेऊ. तो म्हणायचा, "इन्शाल्ला." पैसे घेऊन सेवा सुरू करायचा दिवस ठरला आणि त्याच सुमारास मुग्धाच्या कंपनीने आम्हाला बैठकीला बोलावलं.

त्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली उचलली, तर मुग्धा म्हणाली, "आज मी मेट्रोने जाते."

"अगं, मला तुमच्याच ऑफिसात यायचंय."

"माहितेय. म्हणूनच."

मला वाटलं, दोघांनी एकत्र उतरणं बरं दिसत नाही म्हणून म्हणत असेल. समीर आणि मी जाऊन काचेच्या खोलीत बसलो. दार उघडून मुग्धा आत आली आणि आमच्या समोर बसली. नंतर कळलं की ऑफिसने तिला विचारलं होतं, समोर तुझा नवरा असेल, अडचण आहे का? ती म्हणाली होती, मला नाही.

"चाचणीला आम्ही हरकत घेतली नाही," ती इंग्रजीत, शांतपणे म्हणाली. "आता तुम्ही ग्राहकाकडून पैसे घेणार. त्यासाठी आमचा परवाना नाही. सेवा सुरू होण्याआधी आमचे सगळे गेम काढून टाका."

"ग्राहकाने गेम विकत घेतलाय," मी म्हणालो. "तो स्वतःचाच गेम खेळतोय. फक्त आमच्या मशीनवर."

"त्याने स्वतःच्या मशीनवर खेळायचा हक्क घेतलाय. तुमचं मशीन त्याचं नाही. तुम्ही ते भाड्याने देताय."

बाहेरच्या माणसाला हा शब्दांचा कीस वाटेल. पण नाटकाचं पुस्तक विकत घेतलं म्हणून आपल्याला तिकीट लावून प्रयोग करता येत नाही. त्याला लेखकाची परवानगी लागते आणि त्याचं मानधन वेगळं असतं. आमची सेवा म्हणजे हॉल भाड्याने देणारा माणूस. तो म्हणतो, पुस्तक लोकांचं, नटही लोकच, मी फक्त हॉल दिला. लेखक म्हणतो, पण तिकीट तू घेतोस ना? जगभर हे भांडण चालू होतं आणि कित्येक पब्लिशर आपले गेम काढून घेत होते. मुग्धाचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्या खोलीत बसल्याबसल्या कळत होतं.

समीरने विचारलं, काही वाव आहे का? ती म्हणाली, "परवान्याची बोलणी जरूर करू. आधी गेम काढा." तिने आवाज चढवला नाही, कागद चाळले नाहीत. माझ्याकडे ती इतरांकडे बघावं तशीच बघत होती. मला राग यायला हवा होता. मी मात्र मनात म्हणत होतो, हे असं बसायला आपल्याला कधी जमणार?

लिफ्टमध्ये समीर म्हणाला, "हबीबी, तुझी बायको फारच चांगली आहे या कामात." नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तिने कोशिंबीर पुढे केली. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला."

"महिनाभर माझ्यासमोर बसून जेवलीस."

"तू मला तुमच्या लाँचची तारीख सांगितली होतीस?"

"तो वेगळा विषय आहे."

"तोच विषय आहे, हेमंत."

सई मान वर न करता म्हणाली, "बाबा, शी वॉज जस्ट डुइंग हर जॉब."

"मी पण माझंच काम करत होतो."

"आय नो. बट शी वॉन."

एका मोठ्या पब्लिशरने पाऊल उचललं की बाकीचे आपापले करार काढून बघतात. आणखी दोघांनी गेम काढून घेतले. सेवा सुरू झाली तेव्हा गेमची यादी दाखवणारा आमचा पडदा लग्न उरकल्यावरच्या मांडवासारखा दिसत होता. ऑफिसात पोरं चेष्टेने म्हणायची, सर, घरी बोलून टाका ना. आणि तक्रारींचे फोन सुरू झाले. जे गिऱ्हाईक कुणालाच आवरत नसे ते माझ्याकडे देत. त्यातले एक अबू खालिद.

उत्तरेला रास अल खैमाला राहणारे अमिराती, म्हणजे मूळचे तिथलेच गृहस्थ. बंदरात जहाजं आत आणणारे पायलट होते, आता निवृत्त. आमच्याशी हिंदीत बोलायचे, जुने अमिराती बोलतात तसे.

"मेरा टीम किधर है?" पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं.

"वो गेम अब हमारे पास नहीं है. कंपनी ने वापस ले लिया."

"मैं गेम का नहीं पूछता. टीम का पूछता है."

तो फुटबॉल क्लब चालवायचा गेम होता. त्यात चेंडू मारायचा नसतो. खेळाडू घ्यायचे, सरावाला लावायचे, सामन्याला कोण उतरेल ते ठरवायचं. अबू खालिदनी सगळ्यात खालच्या गटातला एक क्लब घेतला आणि वर्षभर खपून तो वरच्या गटात आणला. त्यातल्या खेळाडूंना त्यांनी आपल्या तरुणपणच्या सोबत्यांची नावं दिली होती, ज्यांच्याबरोबर ते समुद्राकाठच्या वाळूत अनवाणी खेळायचे. त्यातले बरेच आता हयात नव्हते. गेममध्ये सगळे विशीच्या आतले होते.

"खलास, अबू खालिद," मी म्हणायचो. "वो नहीं आएगा." ते ऐकून घ्यायचे, आणि काही दिवसांनी पुन्हा फोन करायचे. मी पुन्हा खलास म्हणायचो.

खरं तर त्यांची टीम आमच्या मशीनवर साठवलेली होती. पण गेम काढल्यावर पब्लिशरच्या कुठल्याही गोष्टीला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. त्यांनी परवानगी दिली असती तर ती फाइल अबू खालिदना देता आली असती आणि त्यांना घरच्या कॉम्प्युटरवर पुढे खेळता आलं असतं. ती परवानगी माझ्या जेवणाच्या टेबलापलीकडे बसलेली होती. मी विचारलं नाही. नियम आहे ना, ऑफिसचं बोलणं उंबऱ्याबाहेर. शिवाय मला दिसत होतं की मी विचारलं तर ती एका दिवसात ते करून टाकेल.

एकदा ते म्हणाले, "वो कंपनी का ऑफिस किधर है?" मी पत्ता दिला. मनात म्हटलं, रिसेप्शनवरूनच परत पाठवतील.

ते गेले, रिसेप्शनवर बसले आणि उठेनात. मुग्धा बाहेर आली, तिने त्यांना आत नेऊन सगळं ऐकून घेतलं. मग लंडनशी भांडली. तिच्या कंपनीने आम्हाला कळवलं की जे ग्राहक मागतील त्यांना त्यांचे साठवलेले खेळ ठरावीक मुदतीत देऊन टाका, आमची हरकत नाही. शेकडो लोकांचं काम झालं. समीरने सगळ्या ऑफिसला ते वाचून दाखवलं.

अबू खालिदनी मला मुद्दाम फोन केला. "मेरा टीम मिल गया. उधर एक बाई है, तुम्हारे मुल्क की. बहुत अच्छी. तुम थोड़ा उसके पास जाकर काम सीखो."

"जी," मी म्हणालो.

काही दिवसांनी मुग्धा म्हणाली, "शुक्रवारी रास अल खैमाला जायचंय. एका ग्राहकाने जेवायला बोलावलंय, सहकुटुंब." कोण ते मी विचारलं नाही. नाही म्हणायला कारणही सुचेना. सईची परीक्षा होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. तोंड शक्यतो उघडायचं नाही, असं मी रस्ताभर ठरवत होतो.

अबू खालिद उंच, किडकिडीत आणि आवाजापेक्षा म्हातारे निघाले. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर जेवण मांडलं होतं, भात आणि अख्खा मासा. माशाचा चांगला भाग ते स्वतः काढून मुग्धाच्या ताटात ठेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी मोठ्या टीव्हीवर टीम लावली आणि एकेकाची ओळख करून दिली. "ये राशिद. मोती निकालने वाले का बेटा. ये जुमा. ये समंदर में गया, वापस नहीं आया. इधर मेरा गोलकीपर है." मुग्धा प्रत्येकाबद्दल काहीतरी विचारत होती. मी "अच्छा" आणि "माशाल्ला" यावर भागवत होतो.

मग ते माझ्याकडे वळले. "आप क्या काम करता है?"

"यही. गेम का. लायसन्स का काम."

ते थांबले. डोकं एका बाजूला कलवून माझ्याकडे बघत राहिले. "एक बार खलास बोलो," ते म्हणाले.

"जी?"

"बोलो. खलास."

"खलास," मी म्हणालो.

ते इतके हसले की त्यांना लोडाचा आधार घ्यावा लागला. "ये वही है," ते मुग्धाला म्हणाले, "ये तुम्हारे घर में रहता है?" त्यांनी माझी पाठ थोपटली, मला आणखी खजूर दिले, आणि निघताना गाडीपर्यंत पोचवायला आले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मुग्धा मात्र हसली नव्हती.

दुपारचं ऊन रस्ता भाजत होतं. वाटेतलं उम्म अल कुवैन मागे पडलं. मुग्धा म्हणाली, "ते तुला इतके दिवस फोन करत होते. मला विचारलं का नाहीस?"

"तूसुद्धा महिनाभर मला सांगितलं नव्हतंस."

"मला कंपनीचं बंधन होतं. तुला कशाचं होतं?"

"तू लगेच केलं असतंस," मी म्हणालो.

"मग?"

"म्हणूनच."

तिने खिडकीबाहेर बघितलं. "तू इतकी वर्षं मला सोडायला येतोस," ती म्हणाली. "मेट्रोपर्यंत, कधी ऑफिसच्या दारापर्यंत. एकदाही वर आला नाहीस. त्या बैठकीला पहिल्यांदा आलास."

"तिथे पार्किंग मिळत नाही," मी म्हणालो.

वर्षभराने पब्लिशर परत आले. एव्हाना धंद्यातला प्रत्येक जण एक गोष्ट शिकला होता की क्लाउडसाठी वेगळा लेखी परवाना घ्यायचा आणि त्याचा मोबदलाही वेगळा द्यायचा. मुग्धाच्या कंपनीशी बोलणी करायला पुन्हा समीर आणि मी गेलो. समोर पुन्हा ती. मोबदल्याचं जुळलं, देशांचं जुळलं. मग मी एक कलम पुढे केलं. ते मी कित्येक संध्याकाळी बसून लिहिलं होतं, चारदा फाडून. पब्लिशरला गेम केव्हाही काढायचा हक्क राहील. पण आधी ग्राहकाला कळवावं लागेल, आणि ग्राहकाने साठवलेला खेळ त्याला नेता येईपर्यंत गेम हलवता येणार नाही.

मुग्धाने वाचलं. "हे आम्ही कुणालाच देत नाही."

"मग आम्हाला तुमचे गेम नकोत," मी म्हणालो.

समीरने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्यांच्या गेमशिवाय आमची सेवा किती दिवस टिकली असती हे तिघांनाही ठाऊक होतं. मुग्धा माझ्याकडे पाहत राहिली, मग फोन घेऊन बाहेर गेली. काचेपलीकडे ती येरझाऱ्या घालत बोलताना दिसत होती. समीर हळूच म्हणाला, "यल्ला, सोडून दे, हेमंत." मी सोडलं नाही.

ती परत आली. "चालेल," ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवून, "लंडनला आवडलंय. बाकीच्या देशांच्या करारांतही घालायचं म्हणताहेत. कुणी लिहिलं ते विचारत होते."

"काय सांगितलंत?" मी मराठीत विचारलं, पण तिथे अहो-जाहोच केलं.

"तुमचं नाव सांगितलं."

त्या संध्याकाळी ती माझ्याच गाडीने घरी यायला निघाली. वाटेत म्हणाली, "ते कलम तुला कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

"वकिलाला दाखवलं असशील."

"नाही."

"तिसऱ्या ओळीत 'शॅल'च्या जागी 'मे' हवं होतं," ती म्हणाली. म्हणजे 'करावंच लागेल'च्या जागी 'करता येईल'.

"लंडनने बदललं का?"

"नाही."

मग ती गप्प झाली. हाताची घडी, नजर समोर, ओठ घट्ट. तिचं असं गप्प बसणं मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते काय असतं हे मला चांगलं माहीत होतं. शारजाला एकटा जाता-येता, समोरच्या रांगांचा हेवा करत, मी वर्षानुवर्षं तसाच बसत आलो होतो. समजूत घालायला दोन शब्द बोलावेत असं वाटलं, आणि नाहीही वाटलं. मी एसी जरा वाढवला आणि नेहमीचं वळण सोडून लांबच्या रस्त्याने गाडी घरी घेतली.